ओढच नसेल तर?

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे काहीतरी खुसखुशीत, चकलीसारखे लिहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आजवर मीही तो पाळत आले. यंदाचा विषय मात्र असा आहे, की लेख वाचता वाचता काही वाचक मान वर करून आसपास मुले नाहीत ना, हे बघतील. त्यांना एवढेच सांगते, की यात मुलांपासून लपवावे असे एक अक्षर नाही. उलट आमच्या घरातल्या मोठ्यांना हे वेळीच ठाऊक असते, तर आमच्या घरची एक मुलगी जवळजवळ पन्नास वर्षे गप्प बसली नसती.

सांगायची गोष्ट अशी. गेल्या चैत्रात आम्ही तेरला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा. पुण्याहून गाडी भाचाच चालवत होता. वरकरणी निमित्त होते गोरोबाकाकांच्या यात्रेचे. खरे निमित्त गाडी चालवत बसले होते! मुलगा ३४ वर्षांचा, इंजिनिअर, पगार चांगला, स्वतःचा फ्लॅट, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, आणि लग्नाचे नाव काढले की घरातून बाहेर. सहा वर्षांत १९ मुली पाहून झाल्या. आता लातूरचे एक स्थळ चालून आले होते. मुलगी डोळ्यांत भरण्यासारखी, माणसे तालेवार. "वन्सं, एकदा काकांच्या पायांवर घालू त्याला," असे भावजय म्हणाली आणि आम्ही निघालो.

तेर आमचे मूळ गाव. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी. आज ते मोठेसे खेडे दिसते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच 'तगर' नावाचे नगर होते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथला माल थेट भडोचच्या बंदरात जाई. विटांचे त्रिविक्रम मंदिर, रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या पुराणवस्तूंचे संग्रहालय, हे सारे पाहायला अभ्यासक येतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र तेर म्हणजे गोरोबाकाका. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते.

रात्री कीर्तन होते. बुवांनी आख्यान लावले ते काकांचेच. महिपतीबुवांच्या 'भक्तिविजया'त ते आहे, आणि मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ते ठाऊक असते. विठ्ठलाच्या भजनात रंगून काका चिखल तुडवत होते आणि त्यांचे तान्हे मूल रांगत त्या चिखलात आले. पायाखाली मूल गेले तरी काकांना भान नाही. बायकोने आकांत केला, बोलू नये ते बोलली. काका रागाने तिच्यावर धावून गेले, तेव्हा ती म्हणाली, मला हात लावाल तर विठोबाची आण आहे! काकांनी ती आण अक्षरशः पाळली. संसार थांबला. मग संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी काकांचे लग्न लावून दिले. पण सासऱ्यांनी निरोप देताना सांगितले, दोघींना सारखेच वागवा. काकांनी तेही अक्षरशः पाळले. थोरलीला हात लावायचा नाही, तर धाकटीलाही नाही! पुढे झोपेत बायकांनी त्यांचे हात आपल्या अंगावर ओढून घेतले, आणि आण मोडली म्हणून काकांनी आपले हातच तोडून टाकले. पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात ते हात पुन्हा फुटले, मूलही रांगत आले, आणि आण सुटली.

बुवांनी गजर केला. माणसे डोळे पुशीत होती. माझ्या शेजारी बसलेला भाचा हळूच म्हणाला, "आत्या, या सगळ्यात रामीला कुणी विचारलं होतं का गं?"

मी त्याला दटावले. कीर्तनात असले प्रश्न विचारायचे नसतात!

आमच्या जुन्या घराला माळवद आहे. उन्हाळ्यात त्यावर झोपण्यासारखे सुख नाही. भाऊ-भावजय खाली पंख्यापाशी झोपली. मी, भाचा आणि आमची आक्का वर. आक्का म्हणजे माझी चुलत बहीण. तिच्याविषयी पुढे सांगते. ती लवकर झोपी गेली, निदान मला तसे वाटले. भाचा मात्र चांदण्याकडे बघत पडला होता.

"आत्या," तो म्हणाला, "काकांना आण घातली होती. आण घातलेली असली की ती सुटायची आशाही असते. मला कुणी आण घातलेली नाही. मला ती ओढच नाही."

"कसली ओढ?"

"तीच. मुलींची नाही, मुलांचीही नाही. कॉलेजात मित्र बोलायचे तेव्हा मला वाटायचं, ही पोरं वाढवून सांगतायत. पुढे कळलं, त्यांचं खरं होतं. मलाच ते कधी झालं नव्हतं."

वाचकहो, इथे मी काही शहाणपणाचे बोलले असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते! ३५ वर्षे शाळेत मुलांना शिकवलेली मी बाई. पण मी जे बोलले ते असे: "डॉक्टरला दाखवलंस का?" त्यावर तो शांतपणे "दाखवलं, सगळं व्यवस्थित आहे" म्हणाला, तेव्हा मी दुसरे वाक्य बोलले: "अरे, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं."

तो उठून बसला. "म्हणजे रामी आणायची," तो म्हणाला. "लातूरची रामी."

पुढे मला झोप आली नाही.

पुण्याला परतल्यावर मी प्रथम माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला गाठले. ती आता मानसोपचारतज्ज्ञ आहे. भाच्याची परवानगी मी आधी घेतली होती. माझे ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाई, तुम्ही वर्गात शिकवायच्या, की प्रश्न नीट मांडला की निम्मं उत्तर मिळतं. तुमचा प्रश्नच चुकतोय. त्याचं काय बिघडलंय, हे विचारू नका. तो कसा आहे, हे विचारा."

मग तिने मला जे समजावले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात सांगते.

काही माणसांना दुसऱ्या कुठल्याच व्यक्तीविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही. काहींना ते फार क्वचित वाटते. इंग्रजीत अशा व्यक्तीला 'असेक्शुअल' म्हणतात. मराठीत 'अलैंगिक' हा शब्द आता वापरला जातो, पण त्याची एक अडचण आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'अलैंगिक प्रजनन' शिकतो, आणि तिथे उदाहरण असते अमिबाचे. हा शब्द मी भाच्यापुढे वापरला तेव्हा तो कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसला. "आत्या, मी काही अमिबा नाही गं!" तेव्हापासून आम्ही दोघे 'ओढ नसलेली माणसे' असेच म्हणतो.

हे खूळ कालपरवाचे नाही. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनाचा आपला गाजलेला अहवाल छापला. स्त्रीकडे ओढ आणि पुरुषाकडे ओढ यांच्यामध्ये त्यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी आखली होती. पण काही माणसे त्या पट्टीवर कुठेच बसेनात. त्यांच्यासाठी त्यांनी 'एक्स' असा वेगळा रकाना केला आणि पुढे त्या रकान्याकडे जगाने फारसे पाहिले नाही. २००१ साली डेव्हिड जे या अमेरिकन तरुणाने अशा लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक संघटना काढली. आपल्यासारखे कुणीच नाही असे समजून बसलेली हजारो माणसे तिथे भेटली. २००४ साली कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाचे अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या १८,००० हून अधिक लोकांच्या एका पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्याला कुणाविषयीच कधी लैंगिक आकर्षण वाटले नाही, असे सांगणारे लोक सुमारे शंभरात एक होते. आकडा ब्रिटनचा आहे; पण माझ्या शाळेत एकेका वर्गात साठ मुले असत. ३५ वर्षांत किती वर्ग माझ्यासमोरून गेले, याचा हिशेब मी मनाशी केला आणि गप्प झाले.

आता या एका नावाखाली किती छटा आहेत, ते ऐका. मला वाटे, ओढ नाही म्हणजे प्रेमही नाही, माया नाही, सारा कोरडा कारभार. हे साफ चूक. शरीराची ओढ आणि मनाचे प्रेम ही दोन निराळी माणसे आहेत; बहुतेकांच्या घरी ती एकाच खोलीत राहतात, म्हणून आपल्याला एकच वाटतात. काही ओढ नसलेल्या माणसांना कुणावर तरी जीव जडावा, हातात हात घालून फिरावे, एका घरात म्हातारे व्हावे असे अगदी तुमच्याआमच्यासारखे वाटते. काहींना तसेही वाटत नाही. त्यांना 'अरोमँटिक' म्हणतात. त्यांची माया मित्रांवर, भाचरांवर, कामावर असते आणि ती काही कमी प्रतीची नसते. गंमत म्हणजे, शरीराची ओढ असलेली पण प्रेमात न पडणारी माणसेही अरोमँटिक असू शकतात.

तिसरा प्रकार 'डेमिसेक्शुअल'. यांना अनोळखी माणसाविषयी, मग तो सिनेमातला नट का असेना, काही वाटत नाही. कुणाशी मनाचे नाते घट्ट जुळले, तरच आणि तेव्हाच ओढ निर्माण होते. आणि ती होईलच असेही नाही. चौथा प्रकार 'ग्रे', म्हणजे करडा. यांची ओढ अधूनमधून, क्षीण, अमुकच परिस्थितीत जागी होणारी. पांढरे आणि काळे यांच्यामध्ये जशा अनेक राखी छटा, तशी ही माणसे. म्हणूनच की काय, २०१० साली या लोकांनी आपला झेंडा ठरवला तो काळा, करडा, पांढरा आणि जांभळा अशा चार पट्ट्यांचा. २०२१ पासून ६ एप्रिल हा दिवस जगभर त्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

शरीरसंबंधांविषयीही सगळ्यांचे सारखे नसते. काहींना त्याची किळस येते, काहींना त्याचे काहीच वाटत नाही, आणि काही जण जोडीदारासाठी किंवा मूल हवे म्हणून आपखुशीने ते करतात. तेव्हा 'मूल झाले, म्हणजे तसे काही नव्हते,' हा आपला नेहमीचा पुरावाही टिकत नाही. किती घरांत चार चार मुलांच्या आया हे एक वाक्य मनात ठेवून गेल्या असतील, देव जाणे.

"मग हा आजार नाही?" मी माझ्या विद्यार्थिनीला विचारले.

"फरक सांगते," ती म्हणाली. "एखाद्याची ओढ पूर्वी होती आणि आता गेली, तर तपासायलाच हवं. नैराश्य, थायरॉइड, मधुमेह, हार्मोन्स, काही गोळ्यांचे परिणाम, अशी कारणं असतात आणि त्यांवर उपचार असतात. पण जो पहिल्यापासून असा आहे आणि त्याला स्वतःला त्याचा त्रास नाही, त्याच्यावर उपचार कशाचा करायचा? २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात हे स्पष्टच लिहिलं आहे. जो स्वतःला असेक्शुअल म्हणवतो, त्याला इच्छा कमी असल्याच्या विकाराचं लेबल लावायचं नाही. आणि बाई, हे नपुंसकत्वही नव्हे. तिथे इच्छा असते, शरीर साथ देत नाही. इथे शरीर ठणठणीत असतं. भूक न लागणं वेगळं आणि दात नसणं वेगळं."

"लहानपणी काही वाईट घडलं असेल, म्हणून?"

"ज्यांच्या बाबतीत काही वाईट घडलं त्यांतलेही काही असे असतात, आणि ज्यांचं बालपण लाडाकोडात गेलं त्यांतलेही. तो विचारून सांगेल तेवढं ऐका. उकरू नका."

आपल्याला हे समजायला जड जाते, याचे एक कारण मला तेरच्या त्या कीर्तनातच सापडले. ओढ नाही, हे आपल्या संस्कृतीला नवे नाही; पण आपण त्याला एकच नाव देतो, ब्रह्मचर्य. ब्रह्मचर्य हे व्रत आहे. इच्छा आहे, आणि ती आवरली, म्हणून मोठेपणा. काकांनी आण पाळली, रामदासांनी 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळ काढला अशी कथा आहे. आपण नमस्कार करतो. पण इच्छाच नसलेल्या माणसाने आवरायचे काय? त्याला ना व्रताचे पुण्य, ना संसाराची हौस. संतमंडळींपैकी कोण कसे होते, हे आज आपण ठरवू नये. त्यांच्या मनातले त्यांच्यापाशी. मी एवढेच म्हणते, की व्रताचा आपल्याला आदर आहे आणि वासनेचा आपण हिशेब धरतो. या दोन्हींत न बसणाऱ्याला मात्र आपल्याकडे पाट नाही.

याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी २६ वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. स्त्रीलाही कामेच्छा असते, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे लिहिल्याबोलल्याबद्दल त्यांनी कुचेष्टा सोसली, अश्लीलतेचे खटले सोसले. त्या काळी 'इच्छा आहे' असे म्हणायला धैर्य लागे. आज जाहिरात, सिनेमा, गाणे, जिकडे पाहावे तिकडे इच्छेचाच बाजार आहे, आणि 'मला नाही' असे म्हणणाऱ्याला धैर्य लागते.

आता लातूरच्या स्थळाकडे येते. माझा भाऊ घाई करत होता. मुलीकडच्यांनी कार्यालयाची चौकशीही सुरू केली होती. माझ्या ओळखीच्या एका वकिलीणबाईंना मी कायद्याचे विचारले. त्या म्हणाल्या, "१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध आला नाही, तर जोडीदाराला विवाह रद्द करून मागता येतो. शिवाय २००७ साली समर घोष विरुद्ध जया घोष या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रौर्याची काही उदाहरणं दिली आहेत. शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना बराच काळ संबंधाला एकतर्फी नकार देणं, हे त्यांतलं एक. म्हणजे कायद्याला असमर्थता कळते आणि नकार कळतो. ओढच नसणं, याचा कप्पा त्यात नाही. पण आधी सगळं सांगून, दोघांनी समजून उमजून केलेल्या लग्नाच्या आड कायदा येत नाही. असं लग्न आपोआप बेकायदा ठरत नाही."

म्हणजे सारे येऊन ठेपते ते आधी सांगण्यावर. आणि आम्ही नेमके तेच टाळत होतो. लग्नानंतर त्या मुलीने रात्रीमागून रात्री आरशात पाहून माझ्यातच काय कमी आहे, असे विचारायचे. तिच्या आईने तिला नटायला सांगायचे. आमच्या भावजयीने वर्षभरात 'काही गोड बातमी?' म्हणायचे. एका मुलाची अडचण झाकायला दुसऱ्याची मुलगी. काकांच्या गोष्टीत निदान शेवटी विठ्ठल तरी येतो.

भाच्याने मला विचारले, "बाबांना तू सांगशील?"

मी सांगितले. सोपे गेले नाही. भाऊ आधी म्हणाला, ही सगळी मोबाइलची थेरे. मग म्हणाला, आमच्याच नशिबी का? मग मुलाच्या मित्रांना शिव्या घातल्या. भावजय काही बोलली नाही. उठून ओट्यापाशी गेली आणि तासभर कणीक मळत राहिली. शेवटी भावाने विचारले, "ताई, पण म्हातारपणी त्याला कोण?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला मी खोटे उत्तर दिले नाही. म्हटले, "तुला आहे का खात्री तुझ्या म्हातारपणाची? त्याला माणसे जोडता येतात. सोबत हवी असेल तर तो सांगून सवरून शोधेल. तशी शोधणारी माणसे आपल्या देशातही आहेत, एकमेकांना भेटतात. आणि नाही मिळाली, तर आपल्या आक्काकडे बघ."

आक्काचे नाव माझ्या तोंडून गेले आणि मी थांबले.

आक्काचे सांगायचे राहिले आहे. तिचे लग्न १९७४ साली झाले. दोन वर्षांत ती परत आली. सासरच्यांनी चार माणसांत सांगितले, मुलगी 'थंड' आहे. हा शब्द घरात बायका कुजबुजत बोलत, पण पोरांनाही ऐकू येई इतक्या मोठ्याने. मी तेव्हा कॉलेजात होते, पुस्तके वाचत होते, मोठी पुढारलेली समजत होते स्वतःला. तो शब्द मीही मैत्रिणींत वापरला आहे. १९८१ साली माझ्या लग्नात आई म्हणाली, हळद लावताना आक्का पुढे नको. मी ऐकले. आक्का दिवसभर कोठीघरात पुऱ्या लाटत होती. तिने पुढे शिवणाचे मशीन घेतले, बालवाडीत नोकरी केली, गावातल्या निम्म्या पोरांची नाके पुसली, आणि त्याच माळवदाच्या घरात एकटी राहिली.

भावाशी बोलणे झाले त्याच आठवड्यात मी एकटी एस.टी.ने तेरला गेले. आक्का आता ७३ वर्षांची आहे. चहा झाल्यावर मी विचारले. म्हटले, "आक्का, तुझं तेव्हा काय झालं होतं गं?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते माणूस वाईट नव्हतं. मारलं नाही, टाकून बोललं नाही. पण मला तसलं काही वाटायचंच नाही. मी त्याला म्हटलं, आपण नुसतं राहू. त्याला ते झेपलं नाही. त्याचं तरी काय चुकलं?"

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?" आक्का म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं. थंड म्हणून सांगितलं, करणी झाली म्हणून सांगितलं, धाराशिवच्या डॉक्टरकडं नेलं. विचारलं कुणीच नाही. तू पहिली. त्या रात्री माळवदावर मी जागीच होते. पोरगं बोलायला लागलं तेव्हा मला वाटलं, हे माझंच सांगतंय." आणि थोडे थांबून ती म्हणाली, "त्याला म्हणावं, फार घाबरू नको. दिवस जातात चांगले."

मी तिला 'तू असेक्शुअल आहेस' असे काही म्हटले नाही. नाव घेणे न घेणे ज्याचे त्याच्याकडे. मी फक्त हळदीचे बोलले. त्यावर ती "जाऊ दे," म्हणाली. पण हो, आठवते, असेही म्हणाली.

काकांची आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. संत जमले असताना मुक्ताईने त्यांना विचारले, यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कुरकुरले, म्हणून ते कच्चे ठरले. काकांचा तो अधिकार होता. पण थापटणे आज आपल्या सगळ्यांच्याच हातात आले आहे. लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, बारशात आपण दिसेल त्या बिनलग्नाच्या डोक्यावर ते वाजवत असतो, आणि जे कुरकुरते ते कच्चे म्हणून मोकळे होतो.

लातूरला भावाने स्वतः फोन केला. कारण सांगितले नाही. ते सांगायचा हक्क त्याच्या मुलाचा. मुलगी चांगली आहे, आमच्याकडूनच जमत नाही, एवढेच म्हणाला. विवाहमंडळातले नाव काढून घेतले. भावजय अजून देवापुढे कधीकधी डोळे पुसते. तिचे दुःखही खरे आहे. तिला वेळ लागेल. पण परवा तिने भाच्याच्या फ्लॅटसाठी दिवाळीचा आकाशकंदील आणला आणि त्याच्यासाठी अनारशांचे पीठ वेगळे भिजवून ठेवले. यंदा त्याच्याकडे फराळाला आक्का येणार आहे, तेरहून. दोघांचे फोनवर काय काय बेत चालू असतात, आम्हाला सांगत नाहीत.

वाचकहो, चार दिवसांत तुमच्याकडेही फराळाच्या ताटाभोवती माणसे जमतील. कुणाची तिशी उलटलेली मुलगी, कुणाचा चाळिशीचा भाऊ त्यांत असेल. 'मग लाडू कधी?' हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल. ते गिळा, आणि त्याऐवजी एक करंजी पुढे करून विचारा, "कसं चाललंय तुझं?" विचारा, आणि मग खरोखरच ऐकून घ्या. आक्काला कुणीतरी हे विचारायला ४९ वर्षे लागली.